केलेले जाणणे : पाली काव्यातील निसर्ग, करुणा आणि कृतज्ञता

निसर्गाच्या सान्निध्यात मनुष्याचे मन कोमल होते, हे विधान आपल्या साहित्यात इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. बौद्ध धर्माविषयी लिहावयाचे झाले म्हणजे तर ही सवय फारच बळावते. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास प्रसिद्ध होणारे लेख पाहावेत. बोधिवृक्ष, कमळ, हरिण आणि चांदणे यांच्या मधोमध एक प्रसन्न बुद्ध बसविलेला असतो, आणि निसर्ग पाहिला की करुणा आपोआप पाझरते, असा त्या लेखांचा एकंदर सूर असतो. मीही अशा प्रकारचे एकदोन लेख लिहिले आहेत. म्हणून ही तक्रार मी परक्याविषयी करीत आहे असे वाचकांनी समजू नये.

मूळ पाली ग्रंथांकडे वळल्यावर मात्र चित्र बरेच वेगळे दिसते. तेथे निसर्ग आहे, विपुल आहे, आणि तो अतिशय बारकाईने पाहिलेला आहे. परंतु त्यातून करुणा आणि कृतज्ञता ज्या वाटेने येतात, ती वाट सौंदर्याच्या आस्वादाची नाही. 'कृतज्ञता' या शब्दाचाच विचार करा. पालीत तो 'कतञ्ञुता' असा येतो. कत म्हणजे केलेले, आणि ते जाणणारा तो कतञ्ञू. शब्दात आनंद नाही, गहिवर नाही, स्तुतीही नाही. आपल्यासाठी कोणी काय केले याची जाणीव, एवढाच त्याचा अर्थ. अंगुत्तरनिकायात जगात दुर्मिळ असलेल्या दोन प्रकारच्या माणसांचा उल्लेख आहे : कोणी काही करण्याची वाट न पाहता स्वतः आधी उपकार करणारा एक, आणि केलेला उपकार जाणून तो बोलून दाखविणारा दुसरा. मराठीत हा शब्द आपण संस्कृतातून घेतला, पण वापरून वापरून तो आभाराच्या भाषणापुरता उरला आहे.

या विषयाशी मराठी ख्रिस्ती वाचकाचे एक जुने आणि काहीसे अनपेक्षित नाते आहे, ते येथेच सांगून टाकतो. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी घरची नारळीची बागाईत सोडून, देशोदेशी पायपीट करून पाली विद्या मिळविली आणि ती मराठीत आणली. त्यांना बुद्धचरित्राची पहिली ओढ लागली ती 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील मजकुरावरून. आणि ते मासिक अमेरिकन मराठी मिशनचे होते. मिशनच्या मासिकातील काही पानांनी एका सारस्वत तरुणाला बुद्धाच्या वाटेला लावावे, ही गोष्ट मला नेहमीच मोठी मौजेची वाटत आली आहे. पुढे 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गा भागवतांनी जातककथांचे मराठी भाषांतर 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत सिद्ध केले. तेव्हा साधने हाताशी नाहीत, ही सबब आपल्याला सांगता येणार नाही.

प्रथम 'थेरगाथा' घेऊ. त्रिपिटकातील खुद्दकनिकायाचा हा एक ग्रंथ. थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्षू. अशा २६४ भिक्षूंच्या नावावर असलेली लहानमोठी काव्ये त्यात संगृहीत आहेत. काही एका गाथेची आहेत, तर काही पन्नास-साठ गाथांची. भारतीय वाङ्मयात माणसाने रानात एकटे बसून, पाऊस पाहत, स्वतःविषयी बोललेले इतके जुने काव्य क्वचितच आढळेल.

त्यातील सब्बक नावाच्या भिक्षूचे चार गाथांचे काव्य पाहा. अजकरणी नावाची एक नदी आहे, दोन्ही तीरांवर जांभळी आहेत, बेडूक मंद स्वरात ओरडत आहेत. काळा ढग वर आलेला पाहून पांढऱ्या पंखांचा बगळा घाबरतो आणि आसरा शोधीत उडतो. अशा वेळी ही नदी आपल्याला फार आवडते, असे कवी सांगतो. काळ्या मेघाखालून जाणारा पांढरा बगळा आमच्या किनारपट्टीवर ज्याने जूनमध्ये पाहिला आहे, त्याला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. पण बगळ्याच्या शुभ्रतेवर इतर कवी थांबतात, तेथे सब्बकाने त्याचे भय पाहिले आहे. आता येथे एक अडचण उभी राहते आणि ती मला बरेच दिवस छळत होती. पाखरू भ्यालेले असताना कवीला नदी रम्य वाटते, हे कोणत्या करुणेचे लक्षण? सरळ वाचले तर यात थोडी निष्ठुरताच दिसते. काव्य पुन्हा वाचताना लक्षात आले की शेवटी कवी त्या नदीला रम्य तर म्हणतोच, पण निर्धोकही म्हणतो. तिच्यापासून दूर राहण्याचा हा काळ नव्हे, असे म्हणतो. म्हणजे आसरा बगळाही शोधतो आहे आणि भिक्षूही. दोघेही त्या एकाच तीराचे आश्रित आहेत. हे नाते कवी शब्दांनी सांगत नाही. आजचा कवी असता तर त्याने पाचवी गाथा लिहून ते सांगून टाकले असते.

परंतु ज्या काव्यामुळे मी हा लेख लिहावयास घेतला ते महाकाश्यपाचे. बुद्धाच्या ज्येष्ठ शिष्यांपैकी हा सर्वांत कडक. आयुष्यभर अरण्यवास, चिंध्यांचे चीवर, भिक्षेचे अन्न. थेरगाथेतील त्याच्या काव्यात सुमारे चाळीस गाथा आहेत आणि त्यांतील डोंगराचे वर्णन कोणत्याही निवडक वेच्यांत हमखास आढळते. ते योग्यच आहे. वेलफुलांनी आच्छादलेले पठार, हत्तींचा चीत्कार, निळ्या ढगांसारखे कडे, थंड आणि स्वच्छ पाणी, मोरांचे ओरडणे, शेवाळलेल्या शिळा, त्यांवरून हिंडणारी वानरे आणि हरणे, आणि जमिनीवर पसरलेले इंद्रगोप, म्हणजे पहिल्या पावसानंतर बाहेर येणारे आपले मखमली तांबडे मृगाचे किडे. हे कातळ माझ्या मनाला रमवितात, असे तो पुनःपुन्हा सांगतो. या कठोर तपस्व्याला किड्याचा रंग दिसावा, यातच या काव्याची अर्धी गोडी आहे. काश्यपाचे डोंगर मगधातील राजगृहाजवळचे. पण आपल्याकडील कान्हेरीच्या लेण्यांत श्रावणात जाऊन बसले, खडकात खोदलेल्या पोढ्या भरून वाहत असल्या, म्हणजे त्या भिक्षूंना कातळ का प्रिय झाला असेल ते उमगते.

मात्र वेचे काढणारे एक गोष्ट करतात. या वर्णनाच्या थोड्याच आधी येणाऱ्या तीन गाथा ते वगळतात. त्या गाथांत काश्यप सांगतो की मी डोंगरावरील निवासातून उतरलो आणि भिक्षेसाठी नगरात गेलो. तेथे एक कुष्ठरोगी जेवीत होता, त्याच्याजवळ मी आदराने उभा राहिलो. त्याने आपल्या झडत चाललेल्या हाताने मला एक घास दिला. घास पात्रात टाकताना त्याचे एक बोट तुटून तेथेच पडले. मी एका भिंतीच्या कडेला बसून तो घास खाल्ला. खाताना किंवा खाल्ल्यानंतर मला किळस आली नाही. एवढेच. यानंतर भिक्षूला काय पुरेसे आहे ते तो सांगतो : उरलेसुरले अन्न, झाडाचे मूळ हाच निवारा, उकिरड्यावरचे वस्त्र. मग तो पुन्हा डोंगर चढतो, आणि मग ते हत्ती, मोर आणि तांबडे किडे येतात.

हा क्रम मला निर्णायक वाटतो. संग्राहकांनी विखुरलेल्या गाथा एकत्र शिवल्या असण्याची शक्यता अभ्यासक नाकारणार नाहीत, आणि मीही त्याविषयी हट्ट धरणार नाही. पण आज आपल्यासमोर जे काव्य आहे, त्यात डोंगराचा आनंद घासानंतर येतो. काश्यप निसर्गात रमला, तेथे त्याचे हृदय द्रवले आणि मग तो रोग्याकडे गेला, असा हा प्रवास नाही. जो माणूस त्या हातातून अन्न घेऊ शकला, त्याचेच डोळे त्या कातळाकडे असे पाहू शकतात, असे हे काव्य म्हणते. आणखी एक पाहावे. येथे करुणा करणारा कोण? आपल्याला सवयीने वाटते की थोर भिक्षूने रोग्यावर दया केली. वस्तुतः देणारा रोगी आहे. ज्याच्याजवळ जेमतेम स्वतःपुरते अन्न होते त्याने त्यातला घास दिला, आणि काश्यप घेणारा झाला. तो घास टाकून दिला असता तर त्या माणसाने केलेले कृत्य पुसले गेले असते. न टाकता खाणे हीच येथे कृतज्ञता आहे. कुष्ठरोग्याला सामोरे गेलेल्या असिसीच्या फ्रान्सिसची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेवर वाढलेल्या वाचकाने तरी या तीन गाथा वगळू नयेत.

आता वृक्षाकडे येऊ. 'पेतवत्थु' हा खुद्दकनिकायातील दुसरा एक ग्रंथ, मेल्यानंतर आपल्या कर्मांची फळे भोगणाऱ्यांच्या कथांचा. काव्य म्हणून तो थेरगाथेच्या पासंगालाही पुरत नाही. पुष्कळ कथा कंटाळवाण्या आणि एकसुरी आहेत. पण त्यातील अंकुराची कथा वाचावीच. अंकुर हा व्यापारी. तो आणि एक ब्राह्मण धनासाठी काफिले घेऊन दूरच्या प्रवासाला निघाले आहेत. वाळवंटातील एका वडाच्या आश्रयाला असलेला यक्ष त्यांना हवे ते पुरवितो. ब्राह्मणाच्या मनात येते की इतके कष्ट करून पुढे कशाला जावयाचे? या यक्षालाच गाडीत घालून द्वारकेला नेऊ. तो राजीखुशीने येत नसेल तर बळजबरीने नेऊ. त्यावर अंकुर म्हणतो की ज्या झाडाच्या सावलीत बसलो किंवा निजलो, त्याची फांदी मोडू नये. तो मित्रद्रोह होय. पुढचा वाद मोठा नाट्यमय आहे. ब्राह्मण म्हणतो, तशी गरजच असेल तर खोडही तोडावे. अंकुर म्हणतो, पानही दुखवू नये. ब्राह्मण म्हणतो, गरज असेल तर मुळासकट उपटावे. तेव्हा अंकुर वृक्षाला सोडून माणसाकडे वळतो : ज्याच्या घरी एक रात्र राहिलो, जेथे अन्नपाणी मिळाले, त्याचे वाईट मनातही आणू नये.

या वादात ब्राह्मण मूर्ख नाही, दुष्टही नाही. त्याचा शब्द एकच आहे, 'गरज', आणि तो शब्द वापरून तो फांदीवरून खोडावर आणि खोडावरून मुळावर जातो. अंकुर मात्र उलट दिशेने, फांदीवरून पानावर आणि पानावरून मनातल्या विचारावर येतो. दोघांनी एका जागेवरून निघून विरुद्ध वाटांनी चालत जावे, तशी ही रचना आहे, आणि ती इतकी सहज आहे की पहिल्या वाचनात ध्यानातही येत नाही.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. आमच्या वाडीत विहिरीच्या काठी एक चिंच होती. आजोबांच्या वेळी रहाटाचे बैल दुपारी तिच्याच सावलीत सोडीत. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मला घर वाढवावयाचे होते, आणि चिंच नेमकी मध्ये येत होती. वडील म्हणाले, "बाळा, भिंत दोन हात अलीकडे घे." मी नकाशा दाखवून त्यांना गरज समजावून सांगितली. झाड तोडणाऱ्याशी पैशांचे बोलणे मीच केले. अंकुराची कथा मी त्यानंतर अनेक वर्षांनी वाचली, आणि त्या ब्राह्मणाचा प्रत्येक शब्द मला ओळखीचा वाटला. आमची चिंच काही यक्षाचे झाड नव्हते. पण कथेचा मुद्दा यक्षाचा नाहीच, सावलीचा आहे.

यक्षाविषयी एक तपशील मात्र सांगितला पाहिजे. त्याच्या हातातून अन्नपाणी स्रवते. अंकुर विचारतो, हे सामर्थ्य कशाचे? यक्ष सांगतो की पूर्वी मी एक दरिद्री शिंपी होतो. दान करावयास माझ्याजवळ काहीच नव्हते. पण असय्ह नावाच्या दानशूर श्रेष्ठीचे घर जवळच होते. याचक त्याचे घर विचारीत येत, तेव्हा मी उजवा हात उचलून ते दाखवीत असे. त्या हाताला हे फळ मिळाले. सबंध पेतवत्थूत मला एवढी एकच गोष्ट मनापासून सुंदर वाटते.

जातकांतील 'महावाणिज' ही कथा याच वृक्षाची थोरली बहीण म्हणावी. भुकेल्या व्यापाऱ्यांना एका वडाची एक फांदी तोडली तेव्हा पाणी मिळाले, दुसरीतून अन्न, पुढच्यांतून आणखी सुखे आणि संपत्ती. तेव्हा फांद्यांत इतके तर मुळात किती, असा हिशेब करून ते मुळावर कुऱ्हाड घालावयास निघतात. त्यांचा नायक त्यांना विचारतो, या झाडाने तुमचे काय वाईट केले? ते ऐकत नाहीत, आणि वडाचे रक्षण करणारे नाग त्यांचा निकाल लावतात. या कथेला परिणामकारक शेवट आहे म्हणूनच ती मला अंकुराच्या कथेपेक्षा दुबळी वाटते. नागांची भीती घातल्यावर कृतज्ञतेला काय उरले?

हीच त्रुटी 'महाकपि' जातकात अधिक गंभीर रूपाने दिसते. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात महाकपीची कथा चितारलेली आहे; आपल्यापैकी पुष्कळांनी ती सहलीत पाहिलीही असेल. या नावाच्या दोन कथा आहेत. वानरराज आपल्या देहाचा पूल करून कळपाला गंगेपार नेतो, ती प्रसिद्ध. दुसरी कमी सांगितली जाते. हरवलेले बैल शोधीत रानात भटकणारा एक शेतकरी टेंभुर्णीची फळे खाता खाता फांदीसकट खोल दरीत पडतो. एक वानर त्याला पाहतो. माणसाचे ओझे आपल्याला पेलेल की नाही हे पाहण्यासाठी तो आधी एक दगड उचलून सराव करतो, आणि मग त्याला वर काढतो. या सरावाच्या तपशिलाला माझी दाद आहे. उपकार करणाऱ्याचा विचारीपणा यापेक्षा नेटका दाखविता येणार नाही. थकलेला वानर त्याला पहाऱ्यावर ठेवून झोपतो, आणि भुकेला माणूस त्याच्या डोक्यात धोंडा घालतो. रक्त वाहत असलेला वानर तरीही त्याला रानाबाहेरची वाट दाखवितो. पण आता तो जमिनीवरून न चालता झाडांच्या शेंड्यांवरून पुढे जातो, कारण माणसाची भीती वाटते. क्षमा केली म्हणून सावधपणा सोडावा लागतो असे नाही, हे या चित्रात किती साधेपणाने आले आहे!

कथा येथे थांबली असती तर बरे झाले असते. पण पुढे त्या कृतघ्न माणसाला कुष्ठरोग होतो, आणि तो काशीच्या राजाला आपली कहाणी सांगतो. म्हणजे काश्यपाच्या काव्यात जो देणारा होता, तोच रोगी येथे पापाचा पुरावा झाला. एकाच परंपरेतील या दोन ग्रंथांत एवढे अंतर आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आंधळ्याकडे बोट दाखवून पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे विचारणारे शिष्य आपल्या शुभवर्तमानातही आहेत. तेव्हा या बाबतीत दुसऱ्याच्या ग्रंथाकडे उंचावरून पाहण्याचे कारण नाही. पण साहित्य म्हणून विचारले तर मी निःसंशय काश्यपाच्या बाजूचा आहे. वानराच्या करुणेला रोगाची शिक्षा जोडल्याने ती करुणा वाढत नाही. श्रोता मात्र करुणा विसरून शिक्षेकडे पाहू लागतो.

शेवटचा एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात प्रथमपासून असणार. ज्या धर्मात सृष्टीचा निर्माता मानलेला नाही, तेथे निसर्गाबद्दलची कृतज्ञता कोणाला अर्पण करावयाची? संत फ्रान्सिसच्या सृष्टिगीतात सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांच्यामधून स्तुती परमेश्वरापर्यंत पोहोचते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये आपल्या परिपत्रकाचे नाव त्याच गीतातून घेतले. पाली काव्यात ती वाट वडापाशीच थांबते. सावली वडाने दिली, म्हणून ऋण वडाचे. श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाला ही कृतज्ञता अपुरी वाटेल, मलाही वाटते. पण तिचा एक गुण नाकारता येत नाही. तिला वडाला ओलांडून पुढे जाता येत नाही. नव्या भाताची कणसे आपण वेदीपाशी नेतो, दात्याचे आभार मानतो आणि त्याच आठवड्यात शेताच्या बांधावरचे झाड विकतो. या दोन गोष्टींत आपल्याला विसंगती जाणवत नाही, कारण आपले आभार झाडाच्या डोक्यावरून केव्हाच पुढे निघून गेलेले असतात. विनयपिटकात आळवी येथील एका भिक्षूची हकीकत आहे. तो झाड तोडू लागला तेव्हा त्यात राहणारी देवता म्हणाली, तुमचे घर बांधण्यासाठी माझे घर मोडू नका. त्याने ऐकले नाही, आणि कुऱ्हाड तिच्या मुलाच्या हाताला लागली. पुढे भिक्षूंना वनस्पती तोडण्याची मनाई झाली. त्या देवतेने मागणे मागितले ते बुद्धाकडे नव्हे, कुऱ्हाड धरणाऱ्याकडे, आणि तेही आधी.

महाकाश्यपाच्या गाथा मराठीत पुन्हा कोणी वेचणार असेल, तर त्याच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. डोंगराची सगळी कडवी घ्यावीत, मृगाच्या किड्यांसकट घ्यावीत. पण त्यांच्याआधी, मूळ ग्रंथात आहेत तशाच, कुष्ठरोग्याच्या त्या तीन गाथा छापाव्यात.